हललेला फोटो चांगला कधी म्हणायचा?

फोटो हलला की पुसून टाकायचा, ही सवय आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडली आहे. पण काही छायाचित्रकार कॅमेरा मुद्दाम हलवतात, एकाच चौकटीवर दोन-तीनदा उजेड पाडतात, शटर उघडं असतानाच झूमची रिंग फिरवतात. हे परिणाम नंतर संगणकावर चढवलेले नसतात. बटण दाबल्यापासून शटर मिटेपर्यंत जे काही होतं, त्यातच ते घडतात. हा लेख अशा प्रयोगांविषयी आहे. आणि बहुतेक जण टाळतात त्या पुढच्या टप्प्याविषयीही आहे: तो फोटो दुसऱ्याला दाखवायचा आणि त्याचं खरं मत ऐकून घ्यायचं.

या प्रकारच्या छायाचित्रणात दुसरा टप्पा पहिल्याइतकाच कामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. इथे योगायोगाचा वाटा मोठा असतो. ढीगभर फसलेल्या फोटोंतून एखादा अवचित असा उमटतो, की काढणारा त्याच्या प्रेमात पडतो. तो खरोखर चांगला आहे की नुसताच अनपेक्षित आहे, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही.

आधी उजेडाचा हिशेब

कॅमेरा हलवून काही उमटायचं, तर शटर पुरेसा वेळ उघडं राहायला हवं. साधारण १/१५ सेकंदापासून एक-दोन सेकंदांपर्यंत. अडचण उजेडाची असते. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवलं, तर योग्य शटर स्पीड १/१०० सेकंदाच्या आसपास येतो. एवढ्या वेळात हात फारसा सरकतच नाही. अशा वेळी लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काळसर काच लावतात. सहा स्टॉपचा एनडी लावला की उजेड चौसष्टावा हिस्सा उरतो आणि तोच १/१०० सेकंद अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो. फिल्टर नसेल तर पोलरायझरही दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

आपल्याकडे यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पावसाळा. आभाळ गच्च भरून आलं की उजेड उन्हाच्या आठव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येतो. मग एफ/२२ वर, कुठलीही काच न लावता, १/६ सेकंद सहज मिळतो. मात्र एफ/१६, एफ/२२ सारख्या बारीक अ‍ॅपर्चरला सेन्सरवरची धूळ ठळक दिसते, म्हणून सेन्सर आधी साफ करून घ्यावा. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद करावं. तुम्ही मुद्दाम केलेली हालचाल रद्द करणं हेच त्याचं काम असतं.

कॅमेरा हलवणं

नागाव-आक्षीच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन हा या प्रयोगाचा पहिला धडा समजायला हरकत नाही. खोडं उभी आहेत, म्हणून कॅमेरा वरून खाली ओढायचा. शटर अर्धा सेकंद उघडं. हात शटरच्या आधी सुरू व्हायला हवा आणि शटर मिटल्यावरही चालू राहायला हवा, नाहीतर दोन्ही टोकांना गुठळी येते. खोडांच्या लांब मऊ रेघा उमटतात, पानं विरघळतात, मधल्या फटींतून समुद्राचा उजेड पट्ट्यांसारखा उतरतो. तेच बन आडवा हात फिरवून काढलं तर खोडं पुसली जातात आणि हाती निव्वळ राखाडी-हिरवा धूर येतो. नियम एवढाच, की विषयात जी दिशा मुळात आहे तिच्या बाजूने हात गेला तर आकार टिकतो, विरुद्ध गेला तर मोडतो. मोडायचा असेल तर जरूर मोडावा, पण ते ठरवून.

ही रीत आज घरोघरी पोहोचली आहे. ज्याने ती गांभीर्याने वापरली त्या अर्न्स्ट हासकडे एकदा वळून पाहावं. जन्म व्हिएन्नातला, १९२१ चा. त्या काळची कोडाक्रोम फिल्म फार मंद होती, तिचा वेग आजच्या मापाने आयएसओ १० च्या आसपास. हासने या मर्यादेशी भांडण केलं नाही. १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजींचे फोटो त्याने संथ शटरवर काढले. बैल, झुंजणारा माणूस आणि कापड एकमेकांत मिसळून वाहू लागले. त्या फोटोंत कुणाचाही चेहरा नीट दिसत नाही. पण बैल कुठून कुठे चालला आहे, माणसाची कंबर कुठे वळली आहे, हे डोळ्याला क्षणात कळतं. तपशील गेला आणि हालचालीचा कणा राहिला, म्हणून ते फोटो टिकले. १९६२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं.

पॅनिंग, आणि लार्तिगची कललेली चाकं

पॅनिंगमध्ये कॅमेरा पळत्या वस्तूबरोबर फिरवतात. वस्तू बऱ्यापैकी स्पष्ट राहते, पार्श्वभूमी ओढली जाते. सायकलवाल्यासाठी १/३० सेकंद, मोटरसायकलसाठी १/६०. बैलगाडा शर्यतीत १/३० वर बैलांची डोकी धरून ठेवता आली तर पाय आणि धूळ आपोआप उडतात. पाय रोवून, कंबरेतून वळायचं. नुसत्या मनगटाने केलेलं पॅनिंग वर-खाली डुचमळतं.

१९१२ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रां प्री मोटार शर्यतीत झाक-आंरी लार्तिग नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने असंच एका मोटारीबरोबर कॅमेरा फिरवला. फोटोत मोटार उजवीकडून चौकटीबाहेर निघाली आहे, तिचं चाक लंबगोल होऊन पुढे कललं आहे आणि मागे उभे असलेले प्रेक्षक उलट्या दिशेला झुकले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे एक फट होती, ती काचेवरून सरकत जाई. त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा किंचित उशिरा उमटला. तेवढ्यात मोटार पुढे गेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे. कॅमेराही मोटारीमागे वळत होता, पण तिच्याइतक्या वेगाने नाही. उभी माणसं म्हणूनच मागे पडली. लोकलच्या दारातून मोबाइलने फोटो काढला की रुळांकडेचे खांब तिरके येतात, त्यामागचं कारणही हेच आहे. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते.

लार्तिगला हा फोटो फसलेला वाटला आणि तो बाजूला पडला. १९६३ साली जॉन शार्कोव्स्की यांनी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लार्तिगची छायाचित्रं जगापुढे आणली. पुढे हाच फोटो वेगाचं प्रतीक म्हणून ओळखला जाऊ लागला. कागदावर मोटार सुसाट आहे हे दुसऱ्या डोळ्यांना दिसलं. काढणाऱ्याला मात्र आपण काय टिपायला गेलो होतो तेवढंच आठवत होतं. खरं मत म्हणजे नेहमी फोटो नाकारणंच असतं असं नाही, ते असं उलटही असू शकतं.

एका चौकटीत दोन चित्रं

मल्टिपल एक्स्पोजर हा माझ्या मते सगळ्यात विचार करायला लावणारा प्रकार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यात रीळ पुढे न सरकवता पुन्हा शटर दाबलं की दुसरं चित्र पहिल्यावर पडायचं. डिजिटल कॅमेऱ्यात त्यासाठी मेनू असतो. दोन चित्रांचा उजेड बेरजेने जमा होतो. म्हणून दोन्ही चित्रं सारख्या उजेडाची असतील तर प्रत्येक एक स्टॉप कमी घ्यायचं. चार असतील तर प्रत्येक दोन स्टॉप कमी. कॅमेऱ्यात ‘अ‍ॅव्हरेज’ हा पर्याय निवडला तर हा हिशेब कॅमेराच करतो. ‘ब्राइट’ किंवा ‘लायटन’मध्ये प्रत्येक ठिकाणी दोनपैकी उजळ ठिपका ठेवला जातो, ‘डार्क’मध्ये काळा.

बेरजेचा एक परिणाम पक्का ध्यानात ठेवावा. जिथे पहिलं चित्र पांढरं आहे तिथे दुसरं दिसत नाही, जिथे पहिलं काळं आहे तिथेच दुसरं उमटतं. म्हणून उजळ खिडकीसमोर बसलेल्या माणसाची काळी आकृती ही या खेळात कोऱ्या पाटीसारखी असते. दुसऱ्या वेळी त्या आकृतीत तुम्ही पान भरा, भिंत भरा, पाणी भरा.

आमच्या छायाचित्रकारांच्या गटातल्या एका मैत्रिणीने खिडकीत बसलेल्या आपल्या आजीची अशी आकृती घेतली आणि तीत आजीनेच शिवलेली गोधडी भरली. पहिल्या वेळी एक्स्पोजर खिडकीवरून मोजलं, त्यामुळे आजी पूर्ण काळी. दुसऱ्या वेळी गोधडी जमिनीवर अंथरून वरून, जवळून. गोधडीचे धावदोऱ्याचे टाके आजीच्या चेहऱ्यावर, मानेवर, खांद्यावर पांढऱ्या तुटक रेघांनी उतरले. कल्पना सुरेख होती. फोटो कसा होता, ते पुढे सांगतो.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात असे सगळे चमत्कार कॅमेऱ्यातच करावे लागत. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळले ते छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग असा सगळा अनुभव गाठीला बांधून. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. रोप डोळ्यांदेखत मातीतून वर येतं, हा परिणाम निव्वळ कॅमेरा थांबवण्या-चालवण्यातून साधलेला. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधल्या चमत्कारांमागेही हीच हातोटी आहे. ‘अंकुराची वाढ’ त्यांनी आधी निवडक माणसांना दाखवली आणि त्यातूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला. आपण काय करू शकतो हे आधी मोजक्या डोळ्यांपुढे ठेवायचं आणि मग पुढचं पाऊल टाकायचं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

अंधार, टॉर्च आणि फ्लॅश

अंधाऱ्या खोलीत शटर उघडं ठेवून उजेडाने हवेत रेघ ओढली तर ती फोटोत उरते. १८८९ मध्ये एत्येन-ज्यूल मारे यांचे सहकारी जॉर्ज दमनी यांनी चालणाऱ्या माणसाच्या अंगाला दिवे बांधून चालीचा माग टिपला. हेतू वैद्यकीय अभ्यासाचा होता. १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्योन मिली फ्रान्समध्ये पिकासोकडे गेला, त्याच्या हातात एक छोटा दिवा दिला, आणि पिकासोने हवेत क्षणार्धात आकृत्या काढल्या. फ्लॅशही उडवल्यामुळे रेघेसोबत चित्रकारही दिसतो. तो दिसतो म्हणूनच ते फोटो मोठे आहेत. नुसती प्रकाशरेघ कुणाचीही असू शकली असती.

फ्लॅशविषयी एक व्यावहारिक गोष्ट. विसर्जन मिरवणुकीत किंवा दिंडीत संथ शटरबरोबर फ्लॅश वापरायचा असेल तर तो ‘रिअर कर्टन’वर ठेवा. मग फ्लॅश शटर मिटताना उडतो आणि हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो आधी उडतो, त्यामुळे माणूस उलटा चालल्यासारखा दिसतो.

झूम फिरवणं, लेन्सवर फुंकर घालून धुकं आणणं, लेन्सपुढे काचेचा लोलक किंवा नायलॉनचं कापड धरणं हेही प्रकार आहेत. ते करून पाहायला सोपे आहेत, पण फार लवकर संपतात. झूमचा फोटो बहुतेक वेळा फक्त ‘झूमचा फोटो’च होऊन बसतो.

आपला फोटो आपल्याला का दिसत नाही

काढणाऱ्याला फोटोबरोबर तो काढतानाचं सगळं आठवतं. वाकून दुखलेली पाठ, पावसात सांभाळलेला कॅमेरा, खिडकीतला तो पाच मिनिटांचा उजेड, आजीचं हसणं. यातलं काहीच कागदावर नसतं, आणि तरी फोटो पाहताना ते सगळं त्यात मिसळतं. साध्या फोटोत ही फसगत मर्यादित असते, कारण विषय सगळ्यांना ओळखता येतो. हललेल्या किंवा दुहेरी फोटोत मात्र काढणाऱ्याला विषय माहीत असतो आणि पाहणाऱ्याला नसतो. दोघांपुढे कागद एकच, पण दोघं वेगवेगळं पाहत असतात.

तंत्राचा मोहही असतो. जमायला अवघड गेलं म्हणजे चांगलं, असं वाटू लागतं. पाहणारा आधी “हे कसं काढलं?” असं विचारतो, आणि काढणारा ती दाद समजतो. माझ्या अनुभवात हा प्रश्न बहुतेक वेळा पाहणाऱ्याला फोटोत दुसरं काही सापडलेलं नसल्याची खूण असतो. म्हणून प्रामाणिक मत हवं असेल तर पहिला नियम: कसं काढलं ते आधी सांगायचं नाही. शीर्षकही सांगायचं नाही.

ब्रोडोविचचा वर्ग

असा फोटो आणि अशी टीका, दोन्ही एकाच माणसात पाहायची तर अ‍ॅलेक्सी ब्रोडोविचचं नाव घ्यावं लागतं. रशियन साम्राज्यात जन्मलेला, पॅरिसमध्ये दिअगिलेवच्या बॅलेसाठी पडदे रंगवलेला हा माणूस १९३० मध्ये अमेरिकेत आला आणि १९३४ ते १९५८ ‘हार्पर्स बझार’चा कलादिग्दर्शक होता. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये येणाऱ्या बॅले कंपन्यांचे फोटो त्याने छोट्या ३५ मिमी कॅमेऱ्याने, रंगमंचाच्याच उजेडात, संथ शटरवर काढले. नर्तिका धुरासारख्या ओघळल्या आहेत, दिवे पसरले आहेत, दाणे मोठे आहेत. त्या काळच्या नियमांप्रमाणे हे सगळे दोष होते. १९४५ मध्ये ‘बॅले’ हे त्याचं पुस्तक १०४ फोटोंसह, अवघ्या काहीशे प्रतींत निघालं. आज छायाचित्रांच्या पुस्तकांमध्ये त्याला मानाचं स्थान आहे.

हाच ब्रोडोविच ‘डिझाइन लॅबोरेटरी’ नावाचा वर्ग चालवायचा. रिचर्ड अ‍ॅव्हेडन आणि अर्व्हिंग पेन त्याच्या हाताखालून गेले. विद्यार्थी काम मांडत, त्यावर चर्चा होई, आणि ब्रोडोविच क्वचितच कुणाचं कौतुक करी. मला थक्क करा, ही त्याची मागणी. व्ह्यूफाइंडरमध्ये आधी पाहिल्यासारखं काही दिसलं तर बटण दाबू नका, असं तो बजावत असे.

या मागणीची मला कदर आहे. सुरूच्या बनाचा तोच उभा-ओढलेला फोटो पुन्हा समोर आला की मलाही वाटतं, कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं होतं. पण कठोरपणा म्हणजेच प्रामाणिकपणा, असं मी मानत नाही. “यात काही नाही” हे वाक्य कठोर आहे, पण त्यातून काढणाऱ्याला काहीही मिळत नाही. “माझी नजर आधी वरच्या कोपऱ्यातल्या ट्यूबलाइटवर गेली आणि तिथेच अडकली” हे वाक्य मऊ आहे आणि पूर्ण प्रामाणिक आहे. त्यावर उद्या काम करता येतं.

बैठकीत कसं बोलायचं

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर मत देण्याची चार पायऱ्यांची रीत बसवली. आधी पाहणारे त्यांना काय जाणवलं, काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगतात. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्नात मत न घुसवता साधे प्रश्न विचारतात. आणि शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन, मतं. रीत नृत्यासाठी होती, पण ती फोटोलाही नेमकी बसते.

आमच्या गटात आम्ही पहिली पायरी जरा बदलली आहे. जाणवण्याच्याही आधी, काय दिसतं एवढंच सांगायचं. हे वरवर बाळबोध वाटतं, पण हललेल्या आणि दुहेरी फोटोंसाठी हीच पायरी सगळ्यात उपयोगी पडते. मैत्रिणीने आजीचा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणला, कारण छोट्या आकारात रचना आधी दिसते, तपशिलांची मोहिनी पडत नाही. फोटो टेबलावर ठेवून ती गप्प बसली.

एक मुलगा म्हणाला, “एक म्हातारी बाई खिडकीपाशी बसलीय. चेहरा काळा आहे. त्याच्यावर तुटक रेघा. बाहेर पाऊस असेल, काचेवर ओघळ आलेत.”

“मला नांगरलेलं शेत दिसलं,” दुसरी म्हणाली. “खूप उंचावरून बघितल्यासारखं.”

तिसऱ्याने विचारलं, “जाळीच्या पडद्याआडून काढलाय का?”

गोधडी कुणीच म्हणालं नाही.

मग तिची पाळी आली. तिने विचारलं, “आजीच्या चेहऱ्याची कडा कळतेय का?” उत्तर आलं, की नाक आणि हनुवटी कळते, पण मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

गटातले एक ज्येष्ठ छायाचित्रकार शेवटी म्हणाले, “मत सांगू का?”

“सांगा ना, काका.”

“टाके फार मोठे आलेत बघ. एकेक टाका हनुवटीएवढा. त्यामुळे माणूस आधी रेघा बघतो, मग बाई बघतो. तुझी आजी रेघांच्या मागे जावी असं तुला वाटत नसणार.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. समजावून सांगायला ती पुढे सरसावली नाही, हे मला फार आवडलं. आपण समजावू लागलो की ऐकणारे फोटो सोडून आपल्या शब्दांकडे पाहू लागतात.

आजीच्या फोटोचं पुढे काय झालं

संगणकावर केलेल्या फोटोत तिने गोधडीचा थर लहान केला असता, सरकवला असता आणि काम संपवलं असतं. कॅमेऱ्यात ते शक्य नाही. दोन्ही उजेड एकमेकांत मुरलेले असतात. टीका ऐकली तर पुन्हा त्या खोलीत जावं लागतं, पुन्हा तो उजेड यावा लागतो, पुन्हा आजीला बसवावं लागतं. हा जाच नाही, यातच या पद्धतीचं मोल आहे, असं मला वाटतं. ऐकलेलं मत इथे थेट पुढच्या बैठकीची आखणी होऊन बसतं.

तिने तीन गोष्टी बदलल्या. टाके मोठे आले कारण गोधडी जवळून घेतली होती. म्हणून या वेळी ती स्टुलावर चढून वरून, लांबून घेतली. टाके बारीक झाले. गोधडीवर नऊवारीच्या काठाचं एक ठिगळ होतं, ते खांद्यावर येईल असं व्ह्यूफाइंडरमध्ये जुळवलं. आणि गोधडीच्या ज्या भागावर आजीचा चेहरा येणार होता, तिथे काळं मखमली कापड टाकलं. काळ्यातून उजेड येत नाही, त्यामुळे बेरजेत तिथे काहीच जमा झालं नाही आणि चेहरा काळाच राहिला. टाके मानेपासून खाली उतरले, जणू आजीने गोधडी पांघरली आहे.

पुढच्या बैठकीत काय दिसतं हे सांगताना बऱ्याच जणांनी “गोधडी” हा शब्द आपण होऊन घेतला. मात्र जिला पहिल्या फोटोत नांगरलेलं शेत दिसलं होतं, ती म्हणाली की आता फोटो स्पष्ट झाला, पण आधीच्या फोटोत तिला स्वतःचं गाव सापडलं होतं, ते यात नाही. दोन्ही बोलणी खरी होती. मैत्रिणीने दोन्ही फोटो ठेवले आणि प्रदर्शनासाठी दुसरा निवडला. तिला आजी हवी होती. निवड तिचीच. मत देणारे फोटोचा परिणाम सांगतात. तो परिणाम आपल्याला हवा आहे का, हे काढणाऱ्याने ठरवायचं.

कोणाचं ऐकायचं

घरच्यांचं प्रेम आणि अनोळखी लोकांचे अंगठे, दोन्ही मनाला उभारी देतात. फोटोविषयी त्यांतून फारसं कळत नाही. निदान तीन वेगळ्या प्रकारचे डोळे हवेत: तंत्र जाणणारा एक, चित्रकला किंवा रचना जाणणारा एक, आणि छायाचित्रणाशी काहीही संबंध नसलेला एक. तिसऱ्याचं मत लोक हलकं घेतात, पण विषय पोहोचला की नाही हे सगळ्यात आधी तोच सांगतो. तंत्र जाणणाऱ्याच्या नजरेत परिणाम भरतो, म्हणून तो कधी कधी विषय चुकवतो. स्पर्धेचे गुण मला यात धरायचे नाहीत. गुण किती मिळाले हे कळतं, का मिळाले हे क्वचितच कळतं.

एकाने सांगितलेली गोष्ट टिपून ठेवायची. दोघांनी स्वतंत्रपणे तीच सांगितली तर फोटो पुन्हा पाहायचा. तिघांनी सांगितली तर पुन्हा काढायला जायचं. आणि फोटो काढल्याबरोबर दाखवायचा नाही. काढतानाची आठवण थोडी निवली की आपणही तो बऱ्यापैकी परक्याच्या नजरेने पाहू शकतो.

मत देणाऱ्याचंही कर्तव्य आहे. जागेवर बोट ठेवून बोलावं. “छान” आणि “जमलं नाही” या दोन्ही शब्दांपुढे एक “कारण” जोडावं. उपाय सुचवण्याआधी हेतू विचारावा. आणि फोटो मनाला भिडला असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावं. कुठे भिडला हे कळलं नाही, तर काढणारा पुढच्या वेळी नेमकं तेच बदलून बसतो.

पुढच्या वेळेसाठी नोंद

डिजिटल कॅमेरा शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ, वेळ हे सगळं फाइलीत लिहून ठेवतो. हात कोणत्या दिशेने, किती वेगाने गेला हे तो लिहीत नाही. काळं कापड कुठे होतं, दोन एक्स्पोजरपैकी आधी कोणतं घेतलं, खिडकीत उजेड किती वाजताचा होता, हेही त्यात नसतं. ते खिशातल्या वहीत तिथल्या तिथे लिहावं, शक्य तर छोट्याशा बाणाच्या चित्रासह. फोटो दाखवून झाल्यावर त्याच पानावर, त्याच नोंदीखाली, पाहणाऱ्यांनी काय दिसतं हे सांगताना उच्चारलेले पहिले शब्द लिहावेत: ओघळ, शेत, जाळी. पुढच्या वेळी हात कुठून फिरवायचा आणि कापड कुठे टाकायचं, ते या दोन नोंदी शेजारी ठेवूनच ठरवता येतं.